पाहणे आणि पाठलाग

दिवाळी अंकांतून जंगलभ्रमणाचा एखादा तरी लेख नाही, असे वर्ष आता जात नाही. ही गोष्ट एका परीने आनंदाचीच म्हटली पाहिजे. चार भिंतींच्या आत घुटमळणारे आपले ललितगद्य ताडोब्याला, पेंचला, मेळघाटला जाऊ लागले, त्याच्या अंगाला मोकळा वारा लागला. परंतु असे दहा-बारा लेख ओळीने वाचले म्हणजे एक गोष्ट खटकू लागते. त्या सर्वांचा सांगाडा एकच असतो. पहाटेची थंडी, फाटकाशी लागलेली जिप्स्यांची रांग, पहिल्या फेरीत पदरी आलेली निराशा, मग कुठेतरी वानराने दिलेला इशारा, चालकाने वळवलेली गाडी आणि शेवटी वाघ. वाघ दिसला की लेख संपतो. मधले रान, त्यातली झाडे, माती, पाणी, पाखरे ही सारी त्या एका प्रवेशासाठी मांडलेली आरास ठरते.

हा केवळ रचनेचा दोष असता तर त्यावर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. पण लेखाची बांधणी आणि सहलीची बांधणी या दोहोंचे मूळ एकच आहे. २०२४ च्या ३१ डिसेंबरला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या गाड्यांनी एका वाघिणीची आणि तिच्या पाच बछड्यांची वाट दोन्ही बाजूंनी अडवली. त्याची चित्रे सर्वत्र पसरली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्या प्रकाराची स्वतःहून दखल घेतली. चालक आणि गाइड यांच्यावर कारवाई झाली. ती योग्यच झाली. मात्र त्या गाड्यांत बसलेली माणसे काय मनात धरून आली होती, याचा विचार करता मला आपले लेखच आठवले. वर्षअखेरीच्या दिवशी पदरचे पैसे मोडून आलेल्या त्या माणसाला आपली गोष्ट पुरी करावयाची होती, आणि गोष्ट वाघाशिवाय पुरी होत नाही हे त्याला आम्हा लिहिणाऱ्यांनीच शिकवले होते. ‘वाघाचे दर्शन’ हा आपला शब्दप्रयोगच पाहा. दर्शन देवाचे घ्यावयाचे असते, आणि देवळात भक्ताची वेळ झाली की पडदा उघडावाच लागतो. रानाला तसा पडदा नाही आणि वाघाला तशी वेळ नाही.

म्हणून मला म्हणावयाचे आहे ते असे, की रानाविषयी चांगले लिहिणे आणि रानात नीट वागणे या दोन वेगळ्या विद्या नाहीत. ज्या संयमाने प्राणी पाहावयाचा, त्याच संयमाने तो लिहावयाचा असतो. या कसोटीवर आपल्या वाङ्मयातले काही लेखन घासून पाहण्यासारखे आहे.

आरंभ घरापासून करतो. मेहरूणपासून आसोदे काही फार दूर नाही. आसोद्यात जन्मलेल्या आणि जळगावात संसार केलेल्या बहिणाबाई चौधरींची गाणी १९५२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, पुस्तकरूपाने निघाली. त्यांतले सुगरणीच्या घरट्यावरचे गाणे खानदेशातल्या पोराटोरांनाही पाठ असते. समीक्षकांनी त्या गाण्याच्या उपमांचे कौतुक केले आहे. मला त्यात दुसरेच काही दिसते. ही बाई पक्षी पाहण्यासाठी रानात गेलेली नाही. ती शेतावर कामाला गेली आहे, घरटे तिच्या वाटेवर आहे, आणि पाहून झाल्यावर ती आपल्या कामाला लागली आहे. घरटे झाडावरच राहिले आहे. शास्त्राच्या दृष्टीने तिची एक चूक दाखवता येईल. सुगरणीत घरटे विणतो तो नर. तो ते अर्धे विणून थांबतो, माद्या येऊन पारख करतात, आणि पसंती मिळाली तर तो पुढचे काम पुरे करतो. मादीला कारागीर मानणे ही लोकांची समजूत आहे आणि बहिणाबाईंनी ती जशीच्या तशी घेतली. पण या चुकीने त्या पक्ष्याचे एक तूसही वाकडे झाले नाही. उलट, नर-मादीचा सारा तपशील अचूक जाणणारा आजचा हौशी माणूस तेच घरटे तोडून आणतो आणि बैठकीच्या खोलीत दिव्याशेजारी टांगतो. त्याची माहिती बरोबर आहे, नाते चुकले आहे.

हे लिहिताना मला स्वतःला बाजूला काढता येत नाही. काही वर्षांपूर्वी मी एका स्थानिक अंकात सुगरणीच्या खोप्यांवर लेख लिहिला. बाभळीच्या फांद्या विहिरीवर कशा ओणवल्या आहेत, खोपे वाऱ्यावर कसे हेलकावतात, हे लिहिताना गावाचे नाव, शिवाराचे नाव आणि तिथे पोहोचण्याची वाटही मी मोठ्या हौसेने दिली. लेख लोकांना आवडला. पुढच्या पावसाळ्यात मी तिथे गेलो तेव्हा छायाचित्राला आड येणाऱ्या दोन फांद्या कोणीतरी तोडलेल्या होत्या आणि विहिरीच्या काठावर एक फाटका खोपा पडला होता. फांद्या तोडणाऱ्याचे नाव मला ठाऊक नाही. वाट सांगणाऱ्याचे आहे.

तेव्हापासून शाळेतल्या मुलांना मेहरूणच्या तलावावर नेताना मी एक नियम ठेवला आहे. हिवाळ्यात तिथे पाहुणी बदके येतात. काठावर बसावयाचे, बोलावयाचे नाही, आणि शाळेत परतल्यावर दहा ओळी लिहावयाच्या. एका वर्षी एका मुलाने लिहिले, ‘आम्ही गेलो आणि सर्व बदके उडाली.’ त्याच्याच शेजारच्या बाकावरच्या मुलाने ती वही पाहिली आणि तो म्हणाला, “सर, उडाली नाहीत. यानं पाण्यात खडा टाकला. उडवली.” व्याकरणाच्या तासाला मी प्रयोजक क्रियापद अनेकदा शिकवले असेन, त्याचा खरा अर्थ मला त्या दिवशी कळला. आपल्या जंगललेखनात ‘उडाला’, ‘वळला’, ‘गुरगुरला’, ‘आमच्याकडे रोखून पाहू लागला’ अशी क्रियापदे पानोपानी येतात. त्यांतली किती खरोखर ‘उडवला’, ‘वळवला’, ‘चिडवला’ अशी होती, हे तपासणे समीक्षकाचे काम आहे. ज्या प्राण्याने लेखकाकडे रोखून पाहिले, त्याचे चरणे, पिणे किंवा पिलाला चाटणे त्या क्षणी थांबलेले असते. हा त्या लेखकाचा गौरव नव्हे.

शिकारकथांच्या काळी निदान हा दंभ नव्हता. शिकारी आपण पाठलाग करतो हे उघड सांगत असे. जिम कॉर्बेटचे कुमाऊँच्या नरभक्षकांवरील पुस्तक १९४४ साली आले. ते आजही वाचवते, याचे कारण त्यातल्या बंदुकीत नाही. वाळलेले पान कोणाच्या पायाखाली मोडले, भेकर कोणत्या दिशेला तोंड करून ओरडले, हे ऐकण्यासाठी हा माणूस तासन् तास स्वतःला विसरून बसू शकतो. पुढे त्याने बंदुकीच्या जागी बहुधा कॅमेराच धरला, तेव्हा त्याला नवे काही शिकावे लागले नाही. बंदूक गेली, बैठक तीच राहिली. आज आपल्याकडे याच्या नेमके उलट झाले आहे. बंदूक कायद्याने गेली, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली. पण शिकाऱ्याची बैठकही गेली, आणि राहिली ती फक्त त्याची घाई.

मराठीत या बैठकीचा खरा वारसा व्यंकटेश माडगूळकरांकडे आला. ‘नागझिरा’ वाचताना जाणवते, की तिथे काही मोठे घडत नाही आणि तरी पान उलटत राहावेसे वाटते. लेखक पायी हिंडतो, बसतो, रेखाटतो. एखादा दिवस रिकामा गेला तर तो रिकामा गेला असे लिहितो. हे लिहिण्याला मोठे धैर्य लागते. ‘सत्तांतर’मध्ये तर वानरांच्या टोळीतली सत्तेची उलथापालथ आहे, आणि तीत पिलांचा बळी जातो. हुप्प्या नर अशी शिशुहत्या करतो, हे युकिमारू सुगियामा या जपानी अभ्यासकाने १९६० च्या सुमारास धारवाडच्या रानात पाहून नोंदवले होते. अशा विषयात मानवी सूडाची, पापाची भाषा शिरकाव करण्यास किती सोपी! माडगूळकर तिला पुष्कळसे बाहेर ठेवतात. वानर हे वानरच राहते. १९८३ साली या कृतीला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले ते उचितच होते.

मारुती चितमपल्ली यांच्याविषयी लिहिताना हात थोडा जड होतो, कारण २०२५ च्या जूनमध्ये ते गेले आणि मराठीला रानाची अर्धी शब्दसंपदा त्यांनी दिली. वनखात्यात आयुष्य काढून त्यांनी आदिवासींच्या तोंडची पाखरांची, झाडांची नावे वेचली. एखाद्या पाखराला आपल्या बोलीतले नाव आहे हे कळले की ते मारण्यास किंवा हुसकण्यास मन थोडे कचरते. या दृष्टीने त्यांचा पक्षिकोश हेही संरक्षणाचेच काम आहे. माझा आक्षेप एवढाच, की स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले आणि कोणाकडून ऐकलेले ही दोन्ही ते पुष्कळदा एकाच सुरात सांगतात. लोककथा सुंदर असते. परंतु तिच्या पोटी कधी कधी घुबडाचा मृत्यूही असतो. अमुक पक्ष्याच्या अंगी अमुक शक्ती आहे, ही समजूत कागदावर निव्वळ काव्य असते, आणि अमावास्येच्या बाजारात तिलाच भाव येतो. तेव्हा ‘मी पाहिले’ आणि ‘असे म्हणतात’ यांतली रेघ लेखकाने ठळक ओढली पाहिजे.

ही रेघ पुसली म्हणजे काय होते, याचे उदाहरण आमच्या खानदेशातच घडले आहे. रानपिंगळा नावाचे एक लहान घुबड आहे. गावातल्या नेहमीच्या पिंगळ्यासारखेच, पण डोक्यावर ठिपके जवळजवळ नसलेले, आणि दिवसाउजेडी उघड्या फांदीवर बसणारे. ॲलन ह्यूमने १८७३ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढच्या दशकात जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने पश्चिम खानदेशात त्याचे काही नमुने गोळा केले. १८८४ नंतर मात्र हा पक्षी कोणाला खात्रीने सापडला नाही. अपवाद एकच होता. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या नामांकित पक्षितज्ज्ञाने तो १९१४ साली गुजरातेत मांडवीजवळ मिळवल्याची चिठ्ठी एका नमुन्याला बांधली होती. ती चिठ्ठी खोटी होती. डेव्हिडसनचाच एक नमुना संग्रहालयातून चोरून, उसवून, पुन्हा भरून त्याने तो आपल्या नावावर घातला होता. पामेला रासमुसेन आणि नायजेल कोलार यांनी हे उघडकीस आणले ते कातडे भरण्याच्या पद्धतीवरून. डेव्हिडसनच्या हाताची लकब त्या कातड्यात उरली होती. वाङ्मयाच्या अभ्यासकाला यात नवल वाटू नये. चोरलेल्या मजकुरातही मूळ लेखकाची शैली अशीच उरते.

त्या एका खोट्या वाक्याने शोधणाऱ्यांची दिशा चुकवली. पुढे रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांनी त्या चिठ्ठीवर विसंबणे सोडले, जुन्या खऱ्या नोंदींचा माग धरला, आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळच्या रानात रानपिंगळा त्यांच्यासमोर फांदीवर बसलेला होता. एकशे तेरा वर्षे तो तिथल्या लोकांच्या डोक्यावर बसत आला असणार. हरवला होता तो आपल्या नोंदींतून.

त्यानंतर तो सातपुड्यात इतरत्र, यावलच्या अभयारण्यातही आढळला. आता त्याच्यापुढे निराळे संकट आहे. रान तुटते आहे हे मुख्य. पण जे रान उरले आहे तिथे आम्ही प्रेमाने जातो, हेही त्याला सोसावे लागते. ध्वनिमुद्रित साद वाजवली की रानपिंगळा उत्तर देतो. आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला असे समजून तो घरट्याची ढोली सोडून पुढे येतो, ओरडतो, फांदी बदलतो. छायाचित्र उत्तम मिळते. घरी परतल्यावर आपण लिहितो, ‘तो आमच्या भेटीला आला.’ माइनर्ट्झहागेनची चिठ्ठी आणि हे वाक्य यांत मला फारसे अंतर दिसत नाही. दोन्हींत स्वतःच्या कृतीवर पांघरूण आहे आणि दोन्हींत पक्ष्याच्या तोंडी आपले म्हणणे घातले आहे.

तेव्हा रानावरच्या लेखाकडून माझी अपेक्षा फार मोठी नाही. आपल्या जाण्याने काय हलले, हे त्याने लपवू नये. वाघ दिसला नाही तरी लेख उभा राहावा. ऐकलेले ऐकलेले म्हणूनच सांगावे. आणि विणीच्या जागेची, दुर्मीळ पाखराच्या झाडाची वाट वाचकाला सांगू नये. या शेवटच्या अटीने वर्णनाचा नेमकेपणा उणावतो, असे कोणी म्हणेल. तसे होत नाही. झाड कसे आहे, उजेड कसा पडतो, पाखरू मान कशी वळवते, हे सारे लिहिता येते. फक्त गावाचे नाव तेवढे गाळावयाचे. चांगल्या लेखकाला काय गाळावे हे कळते असे आपण म्हणतोच. इथे त्या गाळण्यावर एक ढोली अवलंबून असते.

परवा तो खडा टाकणारा मुलगा तलावाकाठी भेटला. आता तो महाविद्यालयात जातो. “यंदा बदकं आली का रे?” म्हणून विचारले. तो म्हणाला, “आलीत सर. पण आज पलीकडं होती. गेलो नाही जवळ.” दहा ओळींच्या त्या निबंधाला तेव्हा मी किती गुण दिले होते ते आठवत नाही. या वाक्याला मी पैकीच्या पैकी दिले असते.