वंशावळ कोणाची, साक्ष कोणाची?

शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांत स्थानिक इतिहास आणि घराण्यांची वंशावळ या विषयांवर व्याख्याने होऊ लागली आहेत. कुठे वाचनालयाचा वर्धापनदिन असतो, कुठे हायस्कूलचा हॉल, तर कुठे उत्सवाचा मांडव. वक्ता गडाचा नकाशा दाखवतो, मोडी कागदाची छायाप्रत पडद्यावर लावतो आणि शेवटी आपल्या कुळाची वंशावळ कशी लावावी हे समजावून सांगतो. श्रोते वही-पेन घेऊन बसलेले असतात. माणसाला आपल्या आजोबा-पणजोबांचा शोध घ्यावासा वाटणे यात वावगे काही नाही. परंतु या व्याख्यानांत ‘आपले पूर्वज’, ‘आपली कुळे’, ‘आपला तालुका’ असे जे वारंवार म्हटले जाते, त्यातला हा ‘आपण’ कोण, हे कोणीच विचारत नाही. तो प्रश्न येथे विचारायचा आहे.

या व्याख्यानांचा साचा ठरलेला असतो. आरंभी माहुलीचा किल्ला येतो. १६३६ मध्ये शहाजीराजांनी माहुलीवर मोगल आणि आदिलशाही फौजांना तोंड दिले, हे सांगून झाले की देशमुखी, देशपांडेपण, सनदा आणि इनामे येतात. त्यानंतर उत्तर कोकणचा जुना आधार म्हणून महिकावतीच्या बखरीचे नाव निघते. राजवाड्यांनी ती १९२४ मध्ये छापली. त्याआधी १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले होते, आणि पुढे कुलवृत्तांतांची एक परंपराच उभी राहिली. या मंडळींनी दप्तरे वाळवीच्या तोंडातून सोडवली, हे त्यांचे काम मोठे आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. पण हे कागद मुळात का लिहिले गेले, हे वक्ते सांगत नाहीत. वतनावरून भाऊबंदकी झाली, तंटा पंचायतीपुढे किंवा सरकारपुढे गेला, तेव्हा कोण कोणाचा मुलगा आणि वडीलपण कोणाकडे हे सिद्ध करावे लागले. त्या गरजेतून वंशावळ लिहिली गेली. म्हणजे वंशावळ हा आधी मालमत्तेचा कागद आहे, रक्ताचा अभिमान त्यावर मागाहून चढला. ज्याच्यापाशी भांडण्याजोगे वतन होते त्याची दहा पिढ्यांची नावे टिकली. ज्याच्यापाशी काही नव्हते त्याला पूर्वज नव्हते असे नाही, त्याच्या पूर्वजांचे नाव लिहून घेण्याची कोणाला गरज पडली नाही, एवढेच.

या प्रदेशातील सर्वांत जुनी वंशावळ दगडावर आहे. मुरबाडहून वैशाखऱ्याकडे गेले की नाणेघाटाची चढण लागते. घाटमाथ्याजवळच्या लेण्यात सातवाहन राजघराण्याच्या माणसांचे पुतळे होते. पुतळे नाहीसे झाले, पण त्यांच्यावरची नावे राहिली : सिमुक सातवाहन, राणी नायनिका आणि सातकर्णी, मग कुमार आणि महारठी. बाजूच्या भिंतींवरील लेखात यज्ञांची आणि दक्षिणेत दिलेल्या गाई, गावे व कार्षापणांची यादी आहे. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमाराचा हा लेख अभ्यासक मोलाचा मानतात आणि तो आहेही. मात्र तो घाट ज्यांनी फोडला, कातळातली टाकी ज्यांनी खोदली, ज्यांच्या पाठीवरून त्या वाटेने कल्याण-सोपाऱ्याचा माल जुन्नरकडे चढला, त्यांतील एकाचेही नाव तेथे नाही. दाता लिहिला जातो आणि राबणारा गळतो, ही इतिहासलेखनाची रीत दोन हजार वर्षांची आहे. आजचा वक्ता नाणेघाटावर बोलताना ही रीत दाखवून देत नसेल, तर तो ती पुढे चालवीत असतो.

अस्पृश्यांच्या बाबतीत तर परिस्थिती आणखी विचित्र आहे. जुन्या महजरांत गोताच्या साक्षीत गावच्या महाराचे नाव येते. शिवेचा तंटा पडला की महाराची साक्ष महत्त्वाची मानली जाई, कारण गावची हद्द त्याच्या पायाखालची. म्हणजे दुसऱ्यांच्या जमिनी आणि दुसऱ्यांची वारसाहक्काची भांडणे ज्याच्या स्मरणशक्तीवर मिटत, त्याच्या घराण्याचा वृत्तांत कोणी लिहिला नाही. तो कागदावर आला तो सेवेचा धनी म्हणून. १८७४ च्या वतन कायद्याने ही वंशपरंपरागत सेवा इंग्रजी अमलातही कायम ठेवली. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात त्यात दुरुस्तीचे विधेयक आणले. कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडावे लागले. देशमुखाची वंशावळ त्याचा हक्क सांगत होती, आमची वंशावळ आमची बिगार सांगत होती. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ आहेत, आणि व्याख्यानाच्या हॉलमध्ये त्यातला एकच ऐकू येतो.

भीमा कोरेगावच्या स्तंभावर १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची नावे आहेत. त्यांतील ‘नाक’ प्रत्ययाची नावे वाचून आमच्या माणसांना जे वाटते ते समजण्यासारखे आहे. दगडावर नाव कोरले जाण्याचा तो दुर्मिळ प्रसंग. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ रोजी तेथे गेले, ते घराण्याची थोरवी मिरवायला नव्हे. ज्यांनी लढाई केली त्यांच्या वंशजांना पलटणीची दारे का बंद केली, हा सवाल त्यामागे होता.

आता आजकडे येऊ. वंशावळ ही सुखवस्तूंची हौस आहे असे समजण्याचे कारण नाही. आपल्या वस्त्यांत आणि पाड्यांत ती सक्ती आहे. जात पडताळणी समितीपुढे विद्यार्थ्याला शपथपत्रावर वंशावळ द्यावी लागते. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा आणि अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा शोधावा लागतो. १९९४ च्या माधुरी पाटील खटल्यातील निकालाने या पडताळणीची पद्धत घालून दिली आणि राज्याच्या २००० च्या कायद्याने ती पक्की केली. खोट्या दाखल्यांवर राखीव जागा लाटल्या जातात म्हणून पडताळणी हवी, याबद्दल दुमत नाही. पण तिचा भार कोणावर पडतो ते पाहा. आजोबा शाळेत गेलेच नाहीत, तर दाखल-खारीज रजिस्टरात त्यांचे नाव येणार कोठून? बाप शाळेत गेला तर गुरुजींनी जन्मतारीख १ जून ठोकून दिली आणि जातीच्या रकान्यात ‘हिंदू’ एवढेच लिहिले. उरते ते कोतवाल बुक, म्हणजे गावची जन्म-मृत्यूची नोंद. तिच्यातही ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याचे मूल’ अशी माणसे असतात. ती पाने फाटलेली, आणि नक्कल मिळवायला तहसीलला चार खेपा. एका खेपेला एक दिवसाची मजुरी बुडते.

मी शिकवतो तेथे दर वर्षी जून-जुलैत ही फाईल काखेत घेऊन मुले उभी असतात. माझ्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला, त्यामुळे ती फाईल मला ओळखीची आहे. पणजोबाचे नाव काय, या प्रश्नावर ठाकूर किंवा कातकरी मुलगा गप्प होतो, तेव्हा त्याला पूर्वजांबद्दल आस्था नाही असे नव्हे. त्याचे पूर्वज कोळशाच्या भट्टीवर, काताच्या कामावर, वीटभट्टीवर हिंडत राहिले. पुष्कळ वाड्या अजून दुसऱ्याच्या जमिनीवर उभ्या आहेत. ज्याच्या पायाखाली स्वतःचे गावठाण नाही त्याच्याकडे पाच पिढ्यांचा कागद मागणे हा कायद्याच्या भाषेतला क्रूर विनोद आहे. ठाकूर जमातीच्या दाव्यांबाबत २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की, चालीरीतींच्या प्रश्नोत्तरांची परीक्षा ही जमात ठरविण्याची अंतिम कसोटी नव्हे. त्याच वर्षी कुणबी नोंदी शोधण्यासाठी राज्य सरकारने न्यायमूर्ती शिंदे यांची समिती नेमली आणि मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. राज्ययंत्रणेने मनावर घेतले तर दप्तरे कशी भराभर उघडतात, हे त्यातून दिसले. कातकऱ्याच्या नोंदीसाठी तीच दप्तरे त्याच तत्परतेने उघडावीत, अशी मागणी किती व्याख्यात्यांनी केली?

जमिनीच्या प्रश्नातही हेच आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे आदिवासी नसलेल्या वननिवासीला तीन पिढ्यांचे, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. जंगलालगतच्या आमच्या बौद्ध कुटुंबांचे दावे यातच अडतात. पण याच कायद्याच्या २००८ च्या नियमांतील तेराव्या नियमाने पुराव्यांत वंशावळ धरली आहे आणि वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले निवेदनही धरले आहे. म्हातारीची तोंडी आठवण हा येथे कायद्याने मानलेला पुरावा आहे. समृद्धी महामार्ग शहापूर तालुक्यातून गेला. अशा प्रत्येक भूसंपादनात वारसांच्या यादीत ज्याचे नाव नाही त्याला मोबदला नाही, आणि लेकीबाळींची नावे हक्कसोडपत्राने गळतात. तानसा १८९२ मध्ये बांधले गेले, पुढे भातसा झाले, मुरबाडकडे बारवीची उंची वाढली. मुंबईची आणि कारखान्यांची तहान भागली, परंतु त्या पाण्याखाली गेलेले पाडे आणि मसणवटे यांचाही एक स्थानिक इतिहास आहे. तो कोणत्या व्याख्यानमालेचा विषय झाला?

मग आमचा वृत्तांत कोणी लिहिला? तो आमच्या लेखकांनी लिहिला. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये आले. त्यानंतरच्या दलित आत्मकथनांकडे समीक्षेने वेदना आणि विद्रोहाचे साहित्य म्हणून पाहिले. पण ती घराण्यांच्या आणि वस्त्यांच्या इतिहासाची साधने आहेत, या अंगाने त्यांचा विचार कमी झाला. बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये एकटीचे चरित्र नाही, सबंध महारवाड्याचे आहे. शरणकुमार लिंबाळे यांच्या १९८४ च्या ‘अक्करमाशी’ने तर वंशावळीच्या मुळावरच बोट ठेवले. बापाचे नाव हाच ज्या शास्त्राचा पाया, त्या शास्त्रात बापाने नाकारलेल्या मुलाची जागा कोणती? आंतरजातीय विवाहातील अपत्याची जात केवळ बापावरून ठरवता येणार नाही, त्याची वाढ कोठे व कशी झाली ते पाहावे लागेल, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सांगितले. साहित्य हा प्रश्न त्याआधी अठ्ठावीस वर्षे विचारीत होते. आणि उर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनी १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक सिद्ध केले, ते चळवळीतील स्त्रियांना घरोघर शोधून, त्यांच्या तोंडून ऐकून. स्थानिक इतिहास कसा गोळा करावा याचा तो आपल्याकडचा धडा आहे.

दुसऱ्यांवर टीका करताना आपल्या घराकडेही पाहिले पाहिजे. आपल्यातही काहीजण आता क्षत्रियत्वाच्या आणि राजवंशाच्या वंशावळी जुळवू लागले आहेत. नागवंशाचे नाव घेऊन आपण मूळचे राज्यकर्ते होतो, असे व्यासपीठावरून ठोकून दिले जाते. बाबासाहेबांनी १९४८ मध्ये अस्पृश्यतेच्या उगमाचा सिद्धान्त मांडला तेव्हा मधले दुवे तुटलेले आहेत, ते अनुमानाने जोडावे लागत आहेत, हे प्रस्तावनेत स्वच्छ सांगितले होते. त्यांना ‘अस्पृश्यता का निर्माण झाली’ या प्रश्नाचे उत्तर हवे होते, प्रतिष्ठेचे बिरूद नको होते. आपण त्यांचे अनुमान उचलतो आणि त्यांची सचोटी मागे ठेवतो. कुळाचा मोठेपणा हीच जर प्रतिष्ठेची कसोटी राहिली, तर तिच्यात आपण जिंकलो तरी हरलो. माथेरानच्या गरीब नाभिक घरातील भाई कोतवाल २ जानेवारी १९४३ रोजी हिराजी पाटलांसह सिद्धगडाच्या रानात हुतात्मा झाले. मुरबाड तालुका त्यांचे स्मरण करतो ते त्यांच्या कृतीसाठी. त्या स्मरणाला कुळाच्या थोरवीची गरज पडत नाही.

तेव्हा व्याख्याने बंद करा असे म्हणणे नाही. ती वाढावीत, पण हॉलमधून वस्तीत यावीत. मोडी शिकलेल्या विद्यार्थ्यांनी सनदांबरोबर कोतवाल बुके आणि फेरफारही वाचावेत. प्रत्येक वाडीतील वृद्धांची निवेदने तारीख घालून, अंगठा घेऊन, साक्षीदारांच्या सह्यांनिशी लिहून ठेवावीत, त्यांची एक प्रत ग्रामसभेत द्यावी आणि एक त्या घरात राहू द्यावी. वंशावळीत आई, आजी आणि माहेरचे गाव नोंदवावे. १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या सरकारी कागदांत आईचे नाव आले, मग मागच्या पिढ्यांतील आयांनी काय पाप केले? आणि एक पथ्य मात्र कडकपणे पाळावे. आडनाव बदलून, गाव सोडून ज्यांनी जगण्यापुरती जागा मिळवली, त्यांचे मूळ भरसभेत उकरू नये. कागद ज्याचा, तो उघडायचा की नाही हे त्याने ठरवावे.

हे काम शिक्षक आणि विद्यार्थी करू शकतात. त्याला वक्त्याचे मानधन लागत नाही, पडदा लागत नाही. पंचाहत्तर-ऐंशी वर्षांची माणसे अजून वाड्यावस्त्यांत आहेत. कोण कुठून आले, कोणाची जमीन कशी गेली, कोणते पाडे पाण्याखाली आहेत, हे त्यांना माहीत आहे. आणखी दहा वर्षांनी ती नसतील आणि समिती तेव्हाही कागदच मागेल.