तीन मिनिटांचा थरार : ‘डूडलबग’

थरारपट म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे पडका वाडा, कडाडणारी वीज आणि किंचाळणारी बाई येते. या सामग्रीवाचून, एका खोलीत आणि एका नटावर, संवादांचा आधार न घेता थरार उभा करता येतो. हे ज्यांना पाहायचे असेल त्यांनी क्रिस्टोफर नोलन यांचा १९९७ चा ‘डूडलबग’ हा लघुपट जरूर पाहावा. लांबी अवघी ३ मिनिटे, रंग कृष्णधवल.

गोष्ट एवढीच : एक माणूस हातात बूट घेऊन, घाणेरड्या खोलीत जमिनीवर पळणाऱ्या किड्यासारख्या कशाच्या तरी मागे लागला आहे. अखेर ते सापडते, तेव्हा कळते की तो किडा नव्हे, त्याच्याच रूपाचा, त्याच्याच कपड्यांतला चिमुकला माणूस आहे. तो चिमुकला जे करतो, तेच क्षणभराने मोठा करतो. मोठा त्याला बुटाने चिरडतो. आणि त्याच्या पाठीमागून त्याहूनही मोठा ‘तोच’ येऊन त्याला चिरडतो.

यात भीती कशाची वाटते? आम्ही परिचारिकांनी आयुष्य वॉर्डात काढले. पेशंट सुईपेक्षा ट्रेचा खडखडाट ऐकून अधिक घाबरतो, कारण पुढे काय होणार ते त्याला ठाऊक असते. येथेही तसेच आहे. लक्ष देऊन पाहणाऱ्याला शेवट एक क्षण आधी दिसू लागतो आणि तो टाळता येत नाही. हे या चित्राचे खरे यश आहे.

उणीव मात्र सांगितलीच पाहिजे. हा माणूस कोण, त्याचे कोणी आहे की नाही, याचा पत्ता लागत नाही. म्हणून तो चिरडला गेला तरी आपण दचकतो, हळहळत नाही. याच मंडळींच्या ‘फॉलोइंग’ (१९९८) या सुमारे ७० मिनिटांच्या चित्रात ही उणीव बरीच भरून निघते. रस्त्यातल्या अनोळखी माणसांचा पाठलाग करणारा तो होतकरू लेखक एकटा आहे, म्हणून तो चोराच्या नादी लागतो तेव्हा आपला जीव खालीवर होतो. त्यातील स्त्रीवर मात्र अन्याय झाला आहे. नाव नायकालाही नाही, पण त्याला निदान मन दिले आहे. तिच्या वाट्याला जाळ्यातले आमिष होणेच येते.

आम्हाला अधिक मोलाची वाटते ती चित्र करण्याची रीत. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील फिल्म सोसायटीभोवती ही मित्रमंडळी जमली. ‘फॉलोइंग’च्या वेळी सगळे नोकरीवाले, म्हणून सुमारे वर्षभर शनिवारी चित्रण केले. फिल्म महाग, म्हणून तालमी भरपूर आणि प्रत्येक दृश्य शक्यतो एकदा-दोनदाच टिपायचे. खर्च सुमारे ३,००० पौंड. जेरेमी थिओबाल्ड यांनी दोन्ही चित्रांत नायकाचे काम केले, शिवाय ‘फॉलोइंग’च्या निर्मितीचाही भार उचलला. संगीत दोन्ही वेळा डेव्हिड जुल्यान यांचे. निर्मितीत एमा थॉमस होत्या. ‘ओपनहायमर’ला २०२४ साली सर्वोत्कृष्ट चित्राचे ऑस्कर मिळाले, तेव्हा निर्मात्या म्हणून ते त्यांनाही मिळाले. जगाच्या तोंडी नाव मात्र नोलन यांचेच. ऑपरेशनचे श्रेय सर्जनला जाते, पण स्वॅब मोजणारी सिस्टर चुकली तर पेशंट दगावतो. चित्रपटाचेही तसेच आहे.

आपल्या समाजाला ही कला परकी नाही. १९३१ चा ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट जोसेफ डेव्हिड पेणकर यांच्या नाटकावरून झाला. आज आपल्या नातवंडांच्या खिशात कॅमेरा आहे. त्यांना आमचे सांगणे असे : चारपाच जण जमा, एक खोली निवडा, आधी तालीम करा. लंडनच्या मंडळींचा शनिवार आपल्याला शब्बाथमुळे चालायचा नाही. शुक्रवारची सकाळ घ्या. दिवा धरणाऱ्यापासून चहा करणाऱ्यापर्यंत सर्वांची नावे अखेरीस पडद्यावर घाला. आणि ज्याला चिरडायचे आहे त्याची आधी आम्हाला ओळख करून द्या. म्हणजे आम्हा म्हाताऱ्यांना नुसती भीतीच वाटणार नाही, वाईटही वाटेल.