जमिनीवरचा नकाशा

संग्रहालये लोकांपर्यंत नेण्याच्या चर्चेत तिकिटाचे दर, फिरत्या बसगाड्या, पाट्यांची भाषांतरे यांचा हिशेब मांडला जातो. पाटी लिहायची कोणी, हे क्वचितच विचारले जाते. केप टाउनच्या डिस्ट्रिक्ट सिक्स संग्रहालयाने ते विचारले, म्हणून ते संहितेसारखे वाचावेसे वाटते.

१९६६ साली वर्णद्वेषी सरकारने ही मिश्र वस्ती गोऱ्यांसाठी राखीव ठरवली. पुढे ६०,००० हून अधिक लोकांना हुसकावून घरे पाडली. १९९४ मध्ये एका जुन्या मेथडिस्ट चर्चमध्ये संग्रहालय उघडले. जमिनीवर वस्तीचा भलामोठा नकाशा अंथरला होता; जुन्या रहिवाशांनी त्यावर आपापल्या घराच्या जागी नावे लिहिली. शेजारच्या लांब कापडावर लोकांनी लिहिलेल्या ओळी पुढे भरतकामाने पक्क्या केल्या गेल्या.

या संहितेला एक लेखक नाही आणि अक्षरही एकसारखे नाही. आपल्याकडे समाजाकडून वस्तू मागतात, आठवणी ध्वनिमुद्रित करतात. शेवटचे वाक्य मात्र बहुधा तज्ज्ञच लिहितो. अनुवादकाला हा व्यवहार ओळखीचा आहे: बोलणारा एक, सही दुसऱ्याची.

अशा नकाशाची मर्यादाही आहे. आठवणीत जिव्हाळा ठळक होतो, भांडणे आणि दारिद्र्य पुसट. शिवाय नाव लिहिले म्हणून घर परत मिळत नाही. कित्येकांची प्रतीक्षा दशकानुदशके चालली. तरीही ‘मी इथे राहत होतो’ हे वाक्य प्रथमपुरुषीच राहिले. हक्काच्या दाव्याला निदान तेवढे व्याकरण लागते.