‘लीलावती’तील शेष

इ. स. ११५० मधील ‘सिद्धान्तशिरोमणी’चा पाटीगणितविषयक भाग म्हणजे ‘लीलावती’. तिच्यातील भावार्द्रतेचा विषय निघाला की बहुधा एक आख्यायिका पुढे केली जाते: घटिकापात्राच्या छिद्रात मोती अडकला, मुहूर्त टळला, आणि विवाहवंचित कन्येच्या सांत्वनार्थ भास्कराचार्यांनी तिच्या नावे ग्रंथ रचला. ही कथा मूळ ग्रंथात नाही; फैजीच्या १५८७ मधील फारसी अनुवादात ती आढळते. ग्रंथातील खरे नाट्य त्याच्या उदाहरणांतच आहे.

भृंगांचे उदाहरण पाहावे. थव्याच्या निम्म्याचे वर्गमूळ मालतीकडे गेले. समग्र थव्याचे आठ-नवमांशही तिकडेच वळले. गंधलोभाने रात्री कमळात कोंडला गेलेला एक भुंगा आत गुंजारव करीत आहे आणि बाहेरून भृंगी त्यास प्रतिसाद देत आहे. तर भुंगे किती? उत्तर ७२: ६ आणि ६४ गेले, उरले २.

हे युग्म म्हणजे केवळ अलंकरण, असे कोणी म्हणेल. परंतु ते वगळून समीकरण मांडल्यास, शून्य सोडता, थव्याची संख्या साडेचाळीस येते! सत्तर भुंगे वर्गमूळ व अपूर्णांक यांच्या भाषेत निघून जातात. संख्येला पूर्णत्व येते ते ताटातूट झालेल्या दोघांमुळे. गणितातील शेष आणि काव्यातील विरह येथे एकरूप झाले आहेत. शिवाय या श्लोकातील संबोधन कांतेला आहे. ते कन्येच्या आख्यायिकेशी जुळत नाही. तात्पर्य, ‘लीलावती’तील भावनेचा शोध कर्त्याच्या कल्पित चरित्रात नव्हे, तर उदाहरणांच्या रचनेत घ्यावयास हवा.