हरितलवकाची साक्ष

सपुष्प वनस्पतींचा वंशवृक्ष मांडताना हरितलवकातील जनुकांवर जो भर देण्यात आला, त्याची कारणे उघड आहेत. हा जनुकसंच आटोपशीर, सुमारे दीड लाख अक्षरांचा. बहुधा मातृपरंपरेने येणारा व सहसा सरमिसळ न होणारा. १९८६ मध्ये जपानी संशोधकांनी तंबाखूच्या हरितलवकाचा संपूर्ण पाठ सिद्ध केला. १९९३ मध्ये चेस आदी ४२ लेखकांनी एकाच जनुकाचे ४९९ पाठ ताडून वृक्ष मांडला.

पुढे संपूर्ण संच हाती येऊ लागले, तेव्हा वाद मिटतील अशी अपेक्षा होती. घडले वेगळेच. २००३ मध्ये गोरेमिकिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यू कॅलेडोनियातील अँबोरेला या झुडपाचा पाठ प्रसिद्ध करून, ६१ जनुकांच्या आधारे, ते सपुष्प वनस्पतींच्या मुळाशी नाही. एकदल वनस्पतीच प्रथम वेगळ्या झाल्या, असा निष्कर्ष काढला. आकडे भक्कम होते. पण एकदलांच्या वतीने बोलत होते कोण? भात, गहू आणि मका! तिन्ही तृणकुलातील, आणि या कुलाच्या हरितलवकात बदलाचा वेग अधिक. असल्या लांबलेल्या शाखा दूरच्या परक्या शाखांकडे ओढल्या जातात, हा दोष तेव्हाही अज्ञात नव्हता. २००५ मध्ये वेखंड व पाणकणीस यांच्या वर्गातील जाती तुलनेत घेताच एकदल आपल्या जागी गेले. अँबोरेला, एकटे अथवा कमळिणीच्या कुलासह, पुन्हा मुळाशी आले. जनुकांची संख्या वाढविल्याने निवडीतील उणीव भरून निघत नाही.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. २०१९ मध्ये ८० जनुकांच्या आधारे २,८८१ हरितलवक-संचांचा वृक्ष प्रसिद्ध झाला. विस्तार स्पृहणीय, यात शंका नाही. तथापि एकाच मूळप्रतीवरून उतरलेल्या ऐंशी प्रती म्हणजे ऐंशी स्वतंत्र साक्षीदार नव्हेत, हे पाठचिकित्सेच्या अभ्यासकास सांगावे लागत नाही. ही जनुके वारशाने एकत्रच येतात. त्यांच्या एकमताची टक्केवारी साक्षीदाराचा ठामपणा दाखविते, जातींचा इतिहास नव्हे. संकरानंतर एका जातीचा हरितलवक दुसरीत स्थिरावल्याची उदाहरणे रीसबर्ग व सोल्टिस यांनी १९९१ मध्येच एकत्र केली होती. भाषेतील उसनवारीसारखाच हा प्रकार, फरक इतकाच की येथे संपूर्ण कोशच उसना येतो. एरंड, आंबोशी व मालकांगोणी ज्यांत मोडतात त्या तीन गणांना हरितलवक शिंबावंतांच्या बाजूस बसवितो, तर केंद्रकीय जनुके कापूस-मोहरीच्या बाजूस, हे २०१५ मध्ये दाखविले गेले. अशा ठिकाणी दोन्ही पाठ एकत्र जोडून एकच वृक्ष छापणे म्हणजे पाठभेद पुसून टाकणे होय. २०२४ मध्ये ३५३ केंद्रकीय जनुकांवर आधारलेला विस्तृत वृक्ष प्रसिद्ध झाला असल्याने दोन साक्षी समोरासमोर ठेवण्यास आता अडचण उरलेली नाही. अँबोरेलाविषयी त्या जुळतात.