तेल-पाण्याच्या सीमेवरचा उत्प्रेरक : एका शोधनिबंधाचे परीक्षण

क्रॉसली, फारिया, शेन आणि रेसास्को या ओक्लाहोमा विद्यापीठातील संशोधकांचा निबंध २०१० साली ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. तो तुम्ही मुळातून वाचावा. कल्पना साधी आहे. कार्बन नॅनोनलिकांना तेल जवळचे, सिलिकाला पाणी. दोन्ही जोडून केलेला कण तेल-पाण्याच्या आंतरपृष्ठावर बसतो व साबणाशिवाय पायस टिकवतो. त्यावर पॅलेडियम चढवले की तोच उत्प्रेरकाचा आधार होतो.

निबंधाचे बलस्थान विलगीकरणात आहे. व्हॅनिलिन पाण्याकडे झुकते. हायड्रोजनशी अभिक्रिया होऊन त्याचे क्रिओसॉल झाले की ते तेलात निघून जाते. हे मला मनापासून आवडते.

आता ‘नॅनो म्हणजे पृष्ठफळ जास्त, म्हणून चांगले’ हे पाठ्यपुस्तकी वाक्य येथे तपासून पाहा. कण सीमेवरून उपटण्याची ऊर्जा त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात असते. आंतरपृष्ठताण ५० मिलिन्यूटन प्रति मीटर, स्पर्शकोन ९०° व त्रिज्या १० नॅनोमीटर धरा. गोल कणासाठी ही ऊर्जा खोलीच्या तापमानाला औष्णिक ऊर्जेच्या सुमारे ३८०० पट येते. त्रिज्या १ नॅनोमीटर केली तर फक्त ३८ पट. त्रिज्या १० नॅनोमीटरच ठेवून कोन ३०° केला, तरी ७० पटींच्या आसपास. म्हणजे आकारापेक्षा ओलेपणाचा तोल कमी महत्त्वाचा नाही.

माझे आक्षेप इथून सुरू होतात. खऱ्या जैवतेलात आम्ले, फिनॉल असे बरेच काही असते. ते कणाला चिकटून स्पर्शकोन बदलू शकते. शुद्ध व्हॅनिलिनवरून त्याचा अंदाज येत नाही. सिलिका तापलेल्या पाण्यात हळूहळू विरघळते. आणि पायस जितके टिकाऊ, तितके तेल वेगळे काढताना ते फोडणे अवघड.

सर्वांत मोठा प्रश्न हायड्रोजनचा. १ लिटर मिश्रणात निम्मे पाणी १० मायक्रोमीटर व्यासाच्या थेंबांत असेल, तर सीमेचे क्षेत्रफळ ३०० चौरस मीटर भरते. परंतु वायू द्रवात विरघळण्याचा वेगच कमी असेल, तर या ३०० चौरस मीटरचा उपयोग काय? म्हणून असा कोणताही निबंध वाचताना, ढवळण्याचा वेग वाढवल्यावर अभिक्रियेचा वेग बदलला का, आणि तेवढेच पॅलेडियम साध्या सिलिकावर चढवून तुलना केली का, हे आधी शोधा.