निषेध आणि परवाना : दारूबंदी अधिनियमाचे एक वाचन

कायद्याचा ग्रंथ हा सामान्यतः साहित्यसमीक्षेचा विषय मानला जात नाही. परंतु ज्या कायद्याच्या नावात एक गोष्ट, कलमांत दुसरी आणि व्यवहारात तिसरीच गोष्ट आढळते, त्याचे वाचन एखाद्या संदिग्ध संहितेप्रमाणे करावयास हरकत नसावी. ‘मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९’ हा असा ग्रंथ आहे. मद्याची विक्री, खरेदी आणि सेवन यांविषयीचे नियम जाचक आहेत, आणि एका ठिकाणी एक तर दुसऱ्या ठिकाणी दुसरे असे आहेत, ही तक्रार विक्रेता व ग्राहक तर करतातच. पण गावातील दुकान बंद व्हावे म्हणून झटणाऱ्या स्त्रियांचीही तीच तक्रार असते. या तक्रारीचे खापर बहुधा अंमलबजावणीवर फोडले जाते. अधिकारी शिथिल किंवा लाचखाऊ, म्हणून कायदा फसला, हे स्पष्टीकरण सोपे आहे. तितकेच ते अपुरेही आहे. विसंगतीचे मूळ संहितेतच आहे.

अधिनियमाच्या उद्देशिकेपासूनच याचा प्रत्यय येतो. दारूबंदीच्या धोरणाला चालना देणे व ते अंमलात आणणे यासंबंधीचा कायदा, आणि त्याबरोबरच अबकारीचा कायदा, हे दोन्ही एकत्रित करणे, असा तिचा आशय आहे. हे दोन हेतू एका वाक्यात सुखाने नांदताना दिसतात. पण एका राज्यात ते नांदू शकत नाहीत. मुंबई इलाख्याचा १८७८ चा अबकारी कायदा मद्यविक्रीतून महसूल मिळविण्यासाठी होता. विक्री नियमित व्हावी, चोरटी होऊ नये, आणि सरकारचा वाटा बुडू नये, एवढीच त्याची चिंता. उलट दारूबंदीचे धोरण विक्री संपविण्यासाठी होते. गिऱ्हाईक टिकले पाहिजे असे एकाला वाटते, तर गिऱ्हाईक उरूच नये असे दुसऱ्याला. १९४९ च्या कर्त्यांनी दोहोंची गाठ मारली आणि गाठीला ‘दारूबंदी’ असे नाव दिले.

ही गाठ कलमांच्या क्रमातही दिसते. तिसऱ्या प्रकरणात निषेध सांगितले आहेत. मद्याची निर्मिती बाराव्या कलमाने आणि विक्री, सेवन इत्यादी तेराव्या कलमाने निषिद्ध ठरते. परंतु या दोहोंच्या आधी अकरावे कलम येते, आणि ते सांगते की अधिनियम, नियम व आदेश यांना अनुसरून या सर्व गोष्टी करणे कायदेशीर राहील. म्हणजे निषेधाच्या दारातच परवानगी उभी आहे. पुढे अनुज्ञप्ती, परवाने व सवलती यांचा विस्तार इतका वाढतो की मूळ निषेध त्यात बुडून जातो. प्रकृतीच्या कारणास्तव परवाना, परकीय पाहुण्यांसाठी परवाना, पर्यटकांसाठी परवाना, लष्करी भोजनगृहांना सूट, अशी ही मालिका आहे. अपवादाने नियम सिद्ध होतो असे म्हणतात. येथे अपवादांनी नियमाला पोटात घातले आहे.

मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी ६ एप्रिल १९५० पासून लागू झाली आणि त्याच महिन्यात ती न्यायालयात पोचली. एफ. एन. बलसारा यांच्या अर्जात व्हिस्की, ब्रँडी, बिअर यांच्या जोडीला ओ-द-कोलोन, लॅव्हेंडरचे पाणी आणि मद्यार्कयुक्त औषधे जवळ बाळगण्याचा व वापरण्याचा हक्क मागितला होता. ही यादी हास्यास्पद वाटेल. पण हसण्याचा दोष अर्जदाराकडे जात नाही. ‘मद्य’ या शब्दाची अधिनियमातील व्याख्याच अशी होती की ज्या द्रवात मद्यार्क तो प्रत्येक द्रव मद्य ठरे. अत्तराची कुपी आणि हातभट्टीचा डबा एकाच शब्दाखाली आले. सर्वोच्च न्यायालयाने २५ मे १९५१ रोजी अधिनियमाचा बहुतेक भाग वैध ठरविला. परंतु मद्यार्कयुक्त औषधे व प्रसाधने यांपुरता निषेध अवैध मानला. लष्करी भोजनगृहांना दिलेली सूट मात्र टिकली.

याच निर्णयातील एक लहानशी बाब साहित्याच्या अभ्यासकाने विशेष लक्षात घ्यावी अशी आहे. तेविसाव्या कलमान्वये मादक पदार्थाची प्रशंसा करणे हाही गुन्हा होता. न्यायालयाने तो भाग भाषणस्वातंत्र्याच्या विरुद्ध म्हणून रद्द केला. ते कलम शब्दशः टिकले असते, तर गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तील तळीरामाची बहुतेक वाक्ये त्याच्या कक्षेत आली असती. मद्यपानाची हानी मराठी प्रेक्षकाच्या मनावर ज्या नाटकाने सर्वांत खोल बिंबविली, त्याच नाटकातील पात्र मद्याच्या स्तुतिपाठामुळे आरोपी ठरावे, हा योगायोग बोलका आहे. स्तुती ऐकवूनच तिचा फोलपणा दाखविता येतो हे नाटककार जाणतो. कायदा करणाऱ्यास ते उमगलेले दिसत नाही.

‘एकच प्याला’ आणि दारूबंदीचा कायदा यांची तुलना आणखी एका अंगाने करता येते. त्या नाटकाचे शीर्षकच एक परवाना आहे. सनद काही काळ रद्द झालेल्या सुधाकर वकिलापुढे त्याचा कारकून तळीराम जो प्याला धरतो तो ‘एकच’ असतो, म्हणजे परवानगी मर्यादित आहे असे आश्वासन त्यात असते. मर्यादा सांगितली की परवानगी निर्दोष होते, हा भ्रम नाटकाच्या शोकांतिकेच्या मुळाशी आहे. महिन्याला किती ‘युनिट’ घ्यावयाचे हे सांगणारा सरकारी परवानाही याच तर्कावर उभा आहे. फरक एवढाच की सुधाकर स्वतःला फसवितो. परवान्याच्या व्यवस्थेत शासन आणि नागरिक परस्परांना फसवितात आणि उभयतांस ते ठाऊक असते. गडकऱ्यांनी त्यांच्या नाटकात मद्य कोठून आले, कोणी विकले, याची फारशी चौकशी केलेली नाही. कायदा मात्र तेवढीच चौकशी करतो, आणि पिणाऱ्याच्या घरातील सिंधूकडे त्याचे लक्ष जात नाही.

औषधे निषेधातून सुटल्यावर काय घडले, हे पेसिकाका खटल्यावरून कळते. वाहतूक खात्यातील एका अधिकाऱ्याच्या जीपने माणसांना धडक दिली. त्याच्या तोंडाला मद्याचा वास होता. त्याचे म्हणणे असे की आपण मद्यार्कयुक्त औषध घेतले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये निर्णय दिला की घेतलेले मद्य निषिद्ध प्रकारचेच होते हे सिद्ध करण्याची जबाबदारी फिर्यादी पक्षाची आहे, आणि आरोपी मद्यसेवनाच्या आरोपातून सुटला. यावर कायदेमंडळाचे उत्तर १९५९ च्या दुरुस्तीतून आले. रक्तातील मद्यार्काचे प्रमाण ०.०५ टक्के वा अधिक असल्यास ते औषधाचे होते हे दाखविण्याचा भार आरोपीवर टाकण्यात आला. एक फट बुजविली की दुसरी पडते, तीसाठी आणखी एक पोटकलम, अशा रीतीने ही संहिता वाढत गेली. जीर्ण वाड्याची डागडुजी करताना वाडा कोणत्या कामासाठी बांधला होता हेच घरमालक विसरावा, तसे येथे झाले.

१ मे १९६० रोजी द्विभाषिक मुंबई राज्याचे विभाजन झाले आणि एकच ग्रंथ दोन राज्यांच्या हाती गेला. पुढील इतिहास टीकाकाराला दुर्मिळ असा प्रयोगच उपलब्ध करून देतो, कारण शब्द तेच आणि वाचने दोन. गुजरातने निषेधाच्या कलमांवर भर दिला, महाराष्ट्राने परवान्याच्या. सूट देण्याचे अधिकार शासनाला संहितेनेच दिले असल्याने कोणतेही वाचन चुकीचे म्हणता येत नाही. ‘परमिट रूम’ हा शब्द महाराष्ट्रातील गावोगावच्या पाट्यांवर आला तो याच वाचनातून. त्या खोलीत बसलेल्या किती जणांपाशी खरोखर परमिट असते हा प्रश्न विचारणे असभ्य मानले जाते. गुजरातमध्येही प्रकृतीचा परवाना आहेच, आणि डिसेंबर २०२३ मध्ये गांधीनगरजवळच्या ‘गिफ्ट सिटी’पुरती सवलत देऊन तेथील शासनानेही अकराव्या कलमाचेच वाचन केले. ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग फेब्रुवारी १९१९ मध्ये ज्या बडोद्यात झाला, ते शहर आज दारूबंदीच्या राज्यात आहे, आणि ज्या भाषेत तो झाला तिचे राज्य परवान्याचे आहे.

महाराष्ट्रात मद्यपानासाठी आजही वैयक्तिक परवाना लागतो. तो दुकानातच एक दिवसापुरता मिळतो, वर्षाचा मिळतो, आजन्मही मिळतो. सौम्य मद्यासाठी वय २१ व तीव्र मद्यासाठी २५, असा भेदही आहे. गोव्यात असा परवाना लागत नाही. बांद्याच्या बाजूने परतणाऱ्या प्रवाशाच्या पिशवीतील, गोव्यात रीतसर विकत घेतलेली बाटली, महाराष्ट्राच्या परवान्यावाचून हद्द ओलांडताच गुन्ह्याची वस्तू होते. बाटली तीच, माणूसही तोच. अशा कायद्याचा भंग सामान्य, पापभीरू माणसाकडूनही सहज होतो, आणि त्याला पकडावयाचे की नाही हे केवळ अधिकाऱ्याच्या मर्जीवर राहते. कठोर कायद्यापेक्षा हा मर्जीचा भाग अधिक जाचक होय. कारण कठोर कायद्याची निदान माहिती तरी असते.

न्यायालयीन आदेशांनीही या गोंधळात भर घातली आहे. राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत मद्यविक्री असू नये असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ रोजी दिला. हेतू अपघात टाळण्याचा होता आणि त्याबद्दल दुमत नसावे. मार्च २०१७ मध्ये लहान वस्त्यांसाठी हे अंतर २२० मीटर झाले, आणि जुलैमध्ये नगरपालिका क्षेत्रातील दुकानांना तो आदेश लागू नाही असे स्पष्ट करण्यात आले. दरम्यान काही राज्यांनी शहरांतून जाणाऱ्या रस्त्यांचा ‘महामार्ग’ हा दर्जाच काढून घेतला. रस्ता होता तेथेच राहिला, दुकानही राहिले. बदलले ते रस्त्याचे नाव.

हे सर्व वाचून बंदी उठवावी असा निष्कर्ष काढण्याची घाई कोणी करील, तर त्याने विदर्भाकडे पाहावे. वर्ध्यात सत्तरीच्या दशकापासून, गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे. चंद्रपूरने २०१५ च्या एप्रिलमध्ये बंदी स्वीकारली आणि मे २०२१ मध्ये शासनाने ती उठविली. गडचिरोली व चंद्रपूर येथील बंदीमागे मोठी लोकचळवळ होती, व तीत स्त्रियांचा वाटा मोठा होता. त्यांची मागणी भाबडी नव्हती. मजुरी दुकानाच्या वाटेवर संपते हे त्यांनी रोज पाहिले होते. परंतु एका जिल्ह्यात बंदी आणि शेजारच्या यवतमाळात दुकाने, अशी रचना केल्यावर सीमेवरचे गाव हे बाजारपेठ होणार हे ठरलेलेच. ज्यांच्यासाठी बंदी मागितली त्यांच्याच घरातला पुरुष आता अधिक दाम देऊन, अधिक संशयास्पद माल घेऊ लागतो.

याच स्त्रियांच्या हाती कायद्याने दुसरे साधन दिले आहे, ते मतदानाचे. मतपत्रिकेवर आडवी बाटली व उभी बाटली अशी चिन्हे असतात. आडवी म्हणजे दुकान बंद. राज्यकारभाराच्या भाषेत इतके सुबोध चिन्ह क्वचितच निघाले असेल. पण दुकान बंद करण्यासाठी आलेल्या मतांचे बहुमत पुरत नाही. यादीतील एकूण मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीस पडावी लागतात. रोजंदारीवर बाहेरगावी गेलेली, सासरी गेलेली, यादीतून नाव न काढलेली मृत स्त्री, या साऱ्या उभ्या बाटलीच्या बाजूने मोजल्या जातात. आमदार निवडून येण्यास ही अट नाही. दुकान उघडण्यासाठीही गावाच्या निम्म्या मतदारांची संमती लागत नाही. अबकारी आणि दारूबंदी यांच्या गाठीत कोणते टोक अधिक घट्ट आहे, हे या एका अटीवरून कळून येते.

विषारी दारूच्या दुर्घटनांचा दाखला दोन्ही पक्ष देतात. दारूबंदीच्या गुजरातेत, अहमदाबादला, जुलै २००९ मध्ये शंभराहून अधिक माणसे मेली. परवान्याच्या महाराष्ट्रात, मुंबईच्या मालवणीत, जून २०१५ मध्येही शंभराहून अधिक मेली. दोन्ही ठिकाणी मरणारे गरीब होते. परवाना परवडणारा माणूस विषारी दारूने मरत नाही, आणि बंदीच्या राज्यातही ज्याची ऐपत आहे त्याला बाटली मिळते. तेव्हा या दुर्घटनांवरून बंदी योग्य की अयोग्य हे ठरत नाही. दोन्ही वाचनांनी एकाच वर्गाला कायद्याबाहेर ठेवले आहे, एवढे ठरते. १९४९ च्या संहितेत मोहाची फुले व मळी यांच्यावरही नियंत्रण आहे. त्या फुलांभोवती ज्यांचे सारे वर्ष फिरते, त्यांना अकराव्या कलमाची वाट क्वचितच सापडली.

पुढे दोन्ही राज्यांनी अधिनियमाच्या नावात दुरुस्ती केली. २०११ मध्ये तो ‘गुजरात दारूबंदी अधिनियम’ झाला आणि २०१२ मध्ये ‘महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम’. ‘मुंबई’ हा शब्द दोघांनीही वगळला. ‘दारूबंदी’ हा शब्द गुजरातने ठेवला याचे आश्चर्य नाही. महाराष्ट्रानेही तो तसाच ठेवला, आणि त्याच नावाच्या कायद्याखाली राज्याचे उत्पादन शुल्क खाते आजही दुकानांच्या अनुज्ञप्त्या देत आहे.